लांब काठी, आखूड दोर

गळ टाकून मासे धरणें हा रिकामपणाचा उद्योग आहे, असें पुष्कळांस वाटतें. तळ्याच्या कांठीं सावलींत बसावें, दोर पाण्यांत सोडावा आणि माशाच्या मर्जीची वाट पाहावी, याहून अधिक त्यांत काय आहे, अशी शंका सुशिक्षित माणसाच्याही मनांत येते. निवळ पाण्यापुरती ती शंका कदाचित् खरीही असेल. परंतु ज्या पाण्यांत कमळांचे देठ, लव्हाळे आणि पाणगवत यांचें दाट जाळें माजलेलें आहे, तेथें प्रश्न अगदीं निराळा होतो. आमिष गवतांत शिरलें पाहिजे. शिरतांना गळाचा आंकडा देठांत अडकतां कामा नये. आणि मासा लागल्यावर त्यानें देठांभोंवतीं दोर गुंडाळण्यापूर्वींच तो बाहेर आला पाहिजे. या तीन अटी एकमेकींच्या वैरिणी आहेत. आंकडा झांकावा, तर तो माशाच्या तोंडांत रुतत नाहीं. उघडा ठेवावा, तर गवतांत रुतल्यावांचून राहत नाहीं. दोर बारीक घ्यावा, तर तो तुटतो. जाड घ्यावा, तर तो दूरवर जात नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बास नांवाच्या माशासाठीं हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ लोक सोडवीत आले आहेत. घड्याळजी, वैद्य, मधमाशा पाळणारे, यंत्रशाळेंतील कारागीर आणि कर्जांत बुडालेले शेतकरी अशा नाना तऱ्हेच्या माणसांचे हात त्याला लागले. त्यांच्या खटपटीचा इतिहास मनोरंजक तर आहेच; परंतु त्यांतील विशेष हा कीं, इतक्या दूरच्या प्रवासानंतर ही विद्या जेथें येऊन पोंचली, तें ठिकाण तिच्या आरंभाच्या अगदीं जवळचें निघालें.

प्रथम या माशाची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचें शास्त्रीय नांव एका अपघातावर उभारलेलें आहे. लासेपेद नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञापुढें या जातीचा जो नमुना आला, त्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग दुखावलेला होता. त्यामुळें शेवटचा तुकडा सुटा, इवलासा पर आहे असें त्यास वाटलें, आणि १८०२ सालीं त्यानें या कुळास ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे ‘लहान पराचा’, असें नांव दिलें. जखम बरी होण्याचा संभव नव्हता. नांव मात्र कायम झालें. या कुळांतील मोठ्या तोंडाच्या बास माशास अमेरिकेच्या दक्षिण भागांतील लोक ट्राउट म्हणत, त्यामुळें त्याच्या नांवांतही साल्मन माशाशीं साम्य सुचविणारा शब्द येऊन बसला. वास्तविक हा मासा ट्राउट नव्हे, आणि समुद्रांतील खऱ्या बास माशांचाही सगा नव्हे. गोड्या पाण्यांतील सनफिश नांवाच्या घराण्यांतील तो आहे.

मोठ्या तोंडाचा बास उबदार, संथ आणि गवताळ पाण्यांत राहतो. तो भक्ष्याचा फार लांबवर पाठलाग करीत नाहीं. देठांच्या सावलींत निश्चल उभा राहावें, बेडूक, लहान मासा किंवा झिंगा जवळ येतांच एकदम जबडा उघडून पाण्यासकट त्याला आंत ओढून घ्यावें, अशी त्याची रीत. गवत हें त्याचें घर, तोच त्याचा किल्ला आणि तीच त्याची दबा धरण्याची जागा. गळ लागल्यावर तो प्रथम तिकडेच धांव घेतो. आणि एकदां कां त्यानें दोन वेढे घेतले, कीं दोराच्या एका टोंकास मासा आणि दुसऱ्या टोंकास माणूस असूनही मधल्या गवताचेंच राज्य चालतें.

या माशास गवतांतून काढण्याचें पहिलें उत्तम वर्णन एका वनस्पतिशास्त्रज्ञानें केलें आहे. फिलाडेल्फियाचा विल्यम बार्टराम हा १७७३ ते १७७७ या काळांत कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा या प्रदेशांत हिंडला. त्याचें प्रवासवृत्त १७९१ सालीं प्रसिद्ध झालें. फुलें, पक्षी आणि मगरी यांच्या वर्णनांत त्यानें मासे धरण्याची एक चमत्कारिक रीत टिपून ठेविली. एका लहान होडींत दोन माणसें बसत. मागचा मनुष्य वल्ह्याचा आवाज होऊं न देतां कांठाला समांतर अशी होडी हळूहळू चालवी. पुढच्याच्या हातांत दहाबारा फूट लांबीची काठी असे. परंतु तिला बांधलेला दोर अवघा वीस इंच लांब. दोराच्या टोंकास तीन मोठे आंकडे पाठीला पाठ लावून घट्ट बांधलेले; आणि त्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या फितीचे तुकडे व रंगीबेरंगी पिसें गुंडाळून मुठीएवढा गोंडा केलेला. आंकडे त्यांत पूर्ण झांकून जात. या गोंड्याचें नांव ‘बॉब’. खाद्य म्हणून त्यास कांहींही लावीत नसत. तरंगत्या गवताच्या कडेशीं हा गोंडा पाण्याच्या किंचित् वर इकडून तिकडे झुलवावा, मधूनच पाण्यास हलकेंच टेकवावा. आणि फसलेला मासा गवताखालून उसळून त्यावर झडप घालावयाचा!

ही युक्ति वरवर गांवढळ दिसते. विचार केला तर तिच्यांत वरील तिन्ही अटींचा निकाल लागलेला आढळतो. गोंड्याचे केस आंकड्यांस गवतापासून जपतात. पण माशाच्या जबड्याच्या दाबाखालीं ते चेपतात आणि आंकडे आपलें काम करतात. काठी लांब असल्यामुळें आमिष गवतावरून ओढीत आणावें लागत नाहीं. हव्या त्या फटींत तें वरून सोडतां येतें. आणि दोर वीसच इंचांचा असल्यामुळें माशास वेढे घेण्यापुरता तो मिळतच नाहीं. काठी वर उचलली कीं त्याचें तोंड पाण्याबाहेर आलेंच. येथें दूर फेंकण्याची हौस नाहीं. जवळ जाण्याचें कौशल्य आहे.

बॉब हें आमिष फ्लॉरिडाच्या मूळ रहिवाशांचें, सेमिनोल लोकांचें, असें या कलेचा इतिहास लिहिणारे बहुधा मानतात. त्या लोकांचें पुढें काय झालें, हें सर्वश्रुत आहे. मूळ रहिवाशांस मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा १८३० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें केला. सेमिनोलांनीं त्यास विरोध केला. १८३५ पासून १८४२ पर्यंत युद्ध चाललें, आणि त्याच्या अखेरीस बहुतेक सेमिनोलांस आपलीं तळीं व दलदली सोडून जावें लागलें. दक्षिणेकडील गरीब गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या हातांत मात्र लांब काठी आणि आखूड दोर शिल्लक राहिला. ज्यांना विकत साधन घेणें परवडत नसे, त्यांची ती मासेमारी. म्हणून सभ्य समाजांत तिला प्रतिष्ठा नव्हती.

प्रतिष्ठा मिळाली ती निराळ्याच साधनाला. केंटकी संस्थानांतील पॅरिस या गांवीं जॉर्ज स्नायडर नांवाचा घड्याळजी राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें मासे धरण्यासाठीं दांतेचक्रांचें एक रीळ तयार केलें. पुढें फ्रँकफर्ट येथील जोनाथन आणि बेंजामिन मीक या घड्याळजी बंधूंनीं, आणि त्यांच्याकडे काम शिकलेल्या बेंजामिन मायलमनें, त्या रिळास इतकें बिनचूक रूप दिलें कीं, केंटकीचें रीळ म्हणजे कारागिरीचा नमुना ठरला. मूठ एकदां फिरविली कीं रिळाचे अनेक फेरे होत. चार फेऱ्यांचें प्रमाण पुढें रूढ झालें. घड्याळांतील चक्रांचें ज्ञान अशा रीतीनें नदीकांठीं आलें. बारीक रेशमी दोर, हलकी काठी आणि रिळावर टेकविलेला आंगठा यांच्या योगानें जिवंत लहान मासा लांबवर फेंकतां येऊं लागला.

१८८१ सालीं डॉक्टर जेम्स हेन्शल यांचा बास माशावरील ग्रंथ सिनसिनाटी येथें प्रसिद्ध झाला. त्या काळीं सभ्य मनुष्यानें गळ टाकावा तो ट्राउट व साल्मन यांच्यासाठीं, अशी इंग्लंडकडून आलेली समजूत होती. लढाऊपणांत बासच्या बरोबरीचा दुसरा मासा नाहीं, असें हेन्शल यांनीं ठासून सांगितलें, आणि त्याच्यासाठीं सव्वाआठ फुटांच्या हलक्या काठीचा पुरस्कार केला. बॉबच्या रीतीचीही माहिती त्यांच्या ग्रंथांत आहे. तथापि वाचकांचें मन वेधलें तें हलक्या काठीनें आणि लांब फेंकीनें. यामुळें बास सभ्य माशांच्या पंक्तीस येऊन बसला. पण गवताचा प्रश्न आहे तेथेंच राहिला. हलकी काठी आणि रेशमी दोर उघड्या पाण्यांत जितके शोभिवंत, तितकेच कमळांच्या गर्दींत लाचार.

पुढच्या पिढीनें आमिषच लांकडाचें केलें. मिशिगन संस्थानांतील डोवाजिॲक येथें जेम्स हेडन हे मधमाशा पाळणारे गृहस्थ राहत. गिरणीच्या तळ्याकांठीं मित्राची वाट पाहतांना त्यांनीं चाकूनें लांकूड तासलें आणि जातांना तो तुकडा पाण्यांत टाकला. तोंच एका बासनें त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथेंत भर किती, हा प्रश्न सोडला तरी विसाव्या शतकाच्या आरंभीं हेडन यांच्या कारखान्यांतून रंगविलेलीं लांकडी आमिषें देशभर जाऊं लागलीं, हें खरें. परंतु त्या सुंदर आमिषांच्या पोटाखालीं व शेपटाशीं तिहेरी आंकड्यांचे घोस लोंबत. गवतांत तें आमिष एक हात सरकलें कीं माशाऐवजीं गवताची पेंढीच वर येई. मग आंकड्यापुढें तारेची लवचिक कमान बसविण्याची युक्ति निघाली. १९२० नंतरच्या दशकांत लुइस जॉन्सन यांनीं एकच आंकडा आणि त्यापुढें तारेचें कुंपण असलेला चमच्याच्या आकाराचा धातूचा तुकडा प्रचारांत आणला. गवत तारेवरून निसटे. माशाचा जबडा तार दाबी. हरणाच्या केसांचें काम आतां पोलादी तार करूं लागली होती, एवढेंच!

याच सुमारास घडलेली एक हकीकत सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी नांवाचा वीस वर्षांचा शेतकरी, पावसामुळें शेतांत जातां येईना म्हणून, ओकमल्गी नदीच्या जुन्या वळणांत सांचलेल्या माँटगोमेरी तळ्यावर मित्राबरोबर गेला. तो मंदीचा काळ होता. दोघांत मिळून काठी एकच आणि आमिषही एकच. आंकडा बसल्यावर प्रथम तो बुडालेल्या ओंडक्यांतच अडकला असें पेरीस वाटलें. मग ओंडका हालूं लागला. गांवच्या दुकानांत माशाचें वजन बावीस पौंड चार औंस भरलें. पेरीनें तो घरीं नेला, आणि कुटुंबानें तो खाल्ला! एका मासिकाच्या स्पर्धेंत त्या वजनास बक्षीस मिळालें. परंतु त्या घरास त्या दिवशीं बक्षिसापेक्षां जेवणाचें महत्त्व अधिक होतें. तो उच्चांक सत्त्याहत्तर वर्षें अबाधित राहिला. २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यांनीं त्याहून जेमतेम एक औंस अधिक वजनाचा बास धरला. दोन औंसांहून कमी फरक मानावयाचा नाहीं, असा नियम असल्यामुळें दोघांची बरोबरी ठरली. जपानांत हा मासा १९२५ सालीं अमेरिकेहून नेलेला पाहुणा. आणि तेथील मूळच्या माशांस तो खाऊन टाकतो म्हणून आज त्या देशांत तो नकोसा झालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आलें आणि रेशमी दोर मागें पडला. १९४९ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन येथें निक क्रीम या यंत्रकारागिरानें पत्नीच्या साहाय्यानें घरच्या घरीं प्लॅस्टिक वितळवून मऊ गांडूळ ओतलें. या गांडुळानें गवताच्या प्रश्नास एकदम कलाटणी दिली. टेक्ससमधील लोकांनीं आंकड्याचें टोंक त्याच्या मऊ अंगांतच खुपसून ठेवण्यास आरंभ केला, आणि पुढें गोळीच्या आकाराचें शिसें लावलें. आतां गवतास लागण्यासारखें बाहेर कांहींच उरलें नाहीं. मासा चावला आणि काठीस झटका दिला, कीं टोंक प्लॅस्टिक भेदून जबड्यांत शिरे. १९५७ मध्यें, हेन्शल यांचा ग्रंथ जेथें निघाला त्या सिनसिनाटींतच, हॅरी एलर्स यांनीं आंतून पोकळ असा मऊ बेडूक बनविला. त्याचे आंकडे पाठीशीं चिकटून वर वळलेले असत. जबड्यानें बेडूक चेपला कींच ते उघडे पडत.

इकडे साधनें सुधारत असतां तिकडे गवतही स्वस्थ बसलें नव्हतें. हायड्रिला ही वनस्पति आपल्या शाळांतील मुलांस चांगली परिचयाची आहे. चंचुपात्रांत उलट्या नरसाळ्याखालीं तिच्या फांद्या ठेवून उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे दाखवितात, तीच ही. ती मूळची जुन्या जगांतली. हिंदुस्थान व श्रीलंका येथील तळ्यांत ती निमूटपणें वाढते. १९५० नंतरच्या दशकांत शोभेच्या मत्स्यपात्रांच्या व्यापाराबरोबर ती फ्लॉरिडांत पोंचली, आणि १९६० सालीं तेथील उघड्या पाण्यांत आढळली. वीसपंचवीस फूट खोल पाण्याच्या तळापासून वर येऊन ती पृष्ठभागावर जाजमासारखी पसरते. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या जलपर्णीनें आपल्या नद्यांचे जे हाल केले, त्यांची जणूं परतफेडच! नौका चालविणारे तिच्या नांवानें बोटें मोडूं लागले; बास धरणारांस मात्र तिच्या सावलींत मासे सांपडूं लागले. तथापि तें जाजम इतकें दाट असे कीं, आमिष दूर फेंकून तें त्यावरून ओढीत आणण्याच्या विद्येस तेथें मर्यादा पडली.

त्याच सुमारास, या जाजमापासून दूर कॅलिफोर्नियांत, निराळ्या गवतांत या प्रश्नाचें उत्तर पुन्हां सांपडलें. तेथील सॅक्रामेंटो व सान वाकीन नद्यांच्या मुखाशीं उंच लव्हाळ्यांचीं बेटें आहेत. बारा फुटांहूनही लांब काठी आणि अगदीं आखूड दोर घेऊन लव्हाळ्यांच्या फटींत आमिष वरून सोडण्याची जुनी रीत तेथें चालत असे. डी थॉमस हा त्या रींतींत निष्णात. परंतु आतां बासच्या स्पर्धांचें युग आलें होतें. १९६७ सालीं रे स्कॉट यांनीं आर्कान्सासमधील बीव्हर सरोवरावर १०६ स्पर्धकांची चढाओढ भरविली, आणि पुढच्याच वर्षीं बास धरणारांची संघटना काढली. एवढी लांब काठी म्हणजे अन्याय, अशी तक्रार होऊं लागली. तेव्हां थॉमसनें ती साडेसात फुटांवर आणली, आणि तीच क्रिया होडींतून, हातानें थोडा दोर ओढून धरून, पाण्याचा आवाज न करतां साधली. १९७५ सालीं त्यानें आर्कान्सासमध्येंच मोठी स्पर्धा जिंकली, आणि ‘फ्लिपिंग’ या नांवानें ती रीत देशभर पसरली. ज्या रीतीस शंभर वर्षें गरिबांची म्हणून नाकें मुरडलीं गेलीं, तिच्यासाठीं आतां कारखाने खास काठ्या घडवूं लागले.

आज दाट गवताळ पाण्यासाठीं साधन निवडणाराने या इतिहासांतूनच नियम काढावेत. काठी सात ते साडेसात फूट लांबीची आणि कण्यांत ताठ असावी. कारण तिला मासा खेळवावयाचा नसून उचलावयाचा असतो. दोर १९९० नंतर प्रचारांत आलेल्या विणीव पॉलिएथिलीन तंतूंचा, पन्नास ते पासष्ट पौंड ताण सोसणारा घ्यावा. तो ताणला तरी लांबत नाहीं, आणि कोवळे देठ करवतीसारखा कापतो. गवताचें जाजम पृष्ठभागावर पसरलें असल्यास पोकळ बेडूक वरून सरकवावा. फटी असल्यास आंकडा अंगांत लपविलेलें मऊ आमिष जवळ जाऊन सोडावें. जाजमास फटच नसेल, तर एकदोन औंसांचें वजन लावून तेंच आमिष आरपार खालीं उतरवावें. बेडकावर माशानें पाणी उसळविलें कीं नवशिका तत्काळ झटका देतो आणि बेडूक रिकामाच परत येतो. दोरावर वजन जाणवेपर्यंत क्षणभर थांबावें, मग जोरानें काठी उचलावी, आणि माशाचें तोंड वर वळलें कीं तें पुन्हां खालीं वळूं देऊं नये.

जाड दोर आणि ताठ काठी यांत माशावर अन्याय होतो, असा आक्षेप कोणी घेतात. वस्तुस्थिति उलट आहे. बारीक दोर गवतांत तुटला तर आंकडा तोंडांत घेऊन मासा तेथेंच अडकून राहतो. आणि उन्हाळ्याच्या कोमट पाण्यांत फार वेळ झगडविलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असें नाहीं. १९७२ पासून स्कॉट यांनीं धरलेले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, आणि आज बास धरणारे पुष्कळ लोक तो पाळतात. ज्यास मासा सोडावयाचा आहे, त्यानें तो लवकर हातीं आणला पाहिजे. आणि गवतांत तो लवकर येतो तो बळकट साधनानेंच.

मीक बंधूंचीं रिळें आज संग्राहक जपून ठेवतात. हेडन यांच्या लांकडी आमिषांस मोठ्या किंमती येतात. डी थॉमसचें नांव त्या खेळाच्या इतिहासांत नोंदलें गेलें आहे. बार्टरामनें पाहिलेल्या त्या होडीच्या पुढच्या टोंकास जो मनुष्य काठी झुलवीत बसला होता, त्याचें नांव कोठेंही नाहीं. आखूड दोराचें मर्म मात्र त्याला पूर्ण कळलेलें होतें.